पाण्याचं सरकार

पेणच्या शाळेत मी इंग्रजी आणि नागरिकशास्त्र असे दोन विषय शिकवत असे. या दोन्हींचा आयुष्यात कोणाला उपयोग होईल, असं मला स्वतःलाही कधी वाटलं नाही. लोकशाहीचे फायदे पाच, मर्यादा तीन, एवढं मुलांनी पाठ केलं की माझं काम संपलं. पण शहाण्णव सालच्या मे महिन्यात हे दोन्ही विषय एकाच दुपारी माझ्या अंगावर आले आणि दोन्हींत मी नापास झालो. वीस वर्षांत मी किती मुलांना नापास केलं होतं, त्याच्याशी याचा काही संबंध नाही, पण हिशोब बरोबर जुळला असं मला अजून वाटतं.

माझं गाव तळखार, पेणहून तासाभराच्या अंतरावर, खाडीच्या कुशीत. गावाची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. खारं पाणी आणि आमची भातशेती यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध. आदल्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला त्या बांधाला खांड पडली, म्हणजे सरळ चाळीस हात बांध वाहून गेला. तेव्हापासून दर पंधरवड्याला उधाणाचं पाणी शेतात यायचं आणि जाताना मीठ ठेवून जायचं. एक पीक तर गेलंच होतं. या पावसाआधी खांड बुजली नसती तर पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडीही उगवली नसती.

पूर्वी गावच बांध बांधायचं, गावच राखायचं. पुढे बांध सरकारी झाला आणि लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता सरकारचं म्हणणं होतं की काम मंजूर आहे. आधी कागद फिरत होते, मग निवडणूक आली, आचारसंहिता लागली, आणि ती उठेपर्यंत मे अर्धा होत आला. ऑफिसात साहेब म्हणाले, आता पावसाळ्यानंतर बघू. त्यामुळे गावाला हातपाय हलवणं भाग होतं, आणि हातात जेमतेम तीन आठवडे होते.

माझा थोरला भाऊ हैबतराव हा बंदिस्तीचा, म्हणजे बांधाआडच्या सगळ्या शेतीचा, मुख्य पंच. गावात त्याच्या शब्दाला मान होता आणि त्याच्या आवाजाला त्याहून जास्त. त्यानं तोडगा काढला. खांड आहे तिथेच बुजवायची तर खोल पाण्यात काम, माती दुप्पट, दिवस दुप्पट. त्यापेक्षा दोनशे हात मागे सरकायचं. तिथे जुन्या वाटेचा उंचवटा आहे, त्याच्यावरून नवा बांध घालायचा. दहा दिवसांत काम फत्ते. शेती सगळी आत येते.

फक्त एक गोष्ट बाहेर राहत होती. जुना बांध आणि हा उंचवटा यांच्यामध्ये मिठागरवाल्यांचा पाडा होता, अकरा घरांचा. त्यांची शेती नाही, ते मिठागरांवर मजुरी करायचे. नवा बांध झाला की पाडा खाडीच्या बाजूला पडणार आणि प्रत्येक उधाणाला त्यांच्या घरात गुडघाभर पाणी येणार, हे शाळेतलं पोरही सांगू शकलं असतं. हैबतरावाचं म्हणणं होतं की त्यांना गावाच्या गुरचरणात हलवू, त्याचं नंतर बघू. हे नंतर बघू कुठे जाऊन संपतं, हे आम्ही सगळे नुकतेच सरकारी ऑफिसातून शिकून आलो होतो. तरी आम्ही माना डोलावल्या. माझ्या नावावर दोन एकर आहे, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी मी गावी गेलो होतो. जेवून आडवा होतोय तोच उघाडीवरचा मोरूकाका धापा टाकत आला. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारं, ओहोटीला उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. मोरूकाका गेली तीस वर्षं ती राखत होता. त्यानं सांगितलं की एक म्हातारा गोरा माणूस बांधावर पोटावर झोपून उघाडीत डोकं घालून बघतोय, आणि मघाशी त्यानं बांधाचा चिखल चिमटीत घेऊन चाखलासुद्धा.

त्या वर्षांत डोलवीला मोठा कारखाना उभा राहिला होता, आणि खाडीकाठाला कोणी पँट घातलेला माणूस दिसला की तो जमीन घ्यायलाच आलाय असं लोक धरून चालायचे. गोरा दिसल्यावर तर शंकाच नको. मी पोहोचेपर्यंत पंचवीस-तीस माणसं जमली होती, हैबतराव पुढे होता, आणि तो गोरा माणूस मधे उभा राहून सगळ्यांकडे बघून हसत होता. साठीचा, लालबुंद झालेला, डोक्यावर आपल्याकडचा पंचा गुंडाळलेला. शेजारी भाड्याची सायकल. ती त्यानं रोह्याहून एसटीच्या टपावर टाकून पेणपर्यंत आणली होती आणि पुढे भर उन्हात चालवत आला होता. जमीन घेणारा माणूस असा येत नाही, एवढं माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

त्याचं नाव यान. तो हॉलंडचा. जावई नागोठण्याजवळच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला, मुलगी त्याच्याबरोबर रोह्याला राहायची, हा दीड महिना लेकीकडे आला होता आणि बंगल्यात बसून कंटाळला होता. नकाशात त्याला आमची खाडी दिसली आणि खाडीकाठची सरळ रेघ दिसली. अशी सरळ रेघ निसर्ग काढत नाही, तो म्हणाला, म्हणजे इथे माझ्यासारखे लोक राहत असणार. म्हणून तो बघायला आला.

इंजिनीयर आहे का, हैबतरावानं मला विचारायला लावलं. यान म्हणाला, नाही, माझ्या बेचाळीस गाई आहेत. पण मी आमच्या पाणीपंचांतला एक आहे, निवडून आलेला.

हा पाणीपंच शब्द माझा. तो जे म्हणाला त्याला मराठीत शब्द नव्हता, मी जागच्या जागी बनवला, आणि लोकांना तो इतका पटला की त्यांनी यानला मानानं बांधावरच बसवलं, शहाळं आणलं, आणि मग जी चौकशी सुरू झाली ती उन्हं उतरेपर्यंत. तो आमची माहिती घ्यायला आला होता, पण त्याला तशी संधीच मिळाली नाही.

पहिली गोष्ट त्याच्याकडून अशी कळली की त्यांच्याकडे राणी आहे. मोरूकाकानं लगेच विचारलं, राणी हाय तर मतं कशाला मागतात? यान म्हणाला, राणी सही करते, कारभार निवडून आलेले करतात. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम, पण सरकार बसतं दुसऱ्याच शहरात. याचं कोणाला नवल वाटलं नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव रायगड आणि कचेरी अलिबागला, तेव्हा तसंच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं.

मग पक्षांचा विषय निघाला. नुकताच निकाल लागला होता, दिल्लीत कोणालाच बहुमत नव्हतं, आणि देश बुडतो की राहतो यावर पेणच्या एसटी स्टँडवर रोज वाद चालायचे. यान म्हणाला, आमच्याकडे कुठल्याच पक्षाला कधीच बहुमत मिळालेलं नाही. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. कधीच नाही. दर वेळी दोन-तीन पक्ष एकत्र बसतात, काय करायचं ते कागदावर लिहून काढतात, मग सरकार बनतं. मागच्या वेळी मे महिन्यात मतदान झालं आणि सरकार बनायला ऑगस्ट उलटत आला.

“मंग तवर देश कोन चालवत व्हता?” मोरूकाकानं विचारलं.

यान म्हणाला, जुनंच सरकार खुर्ची सांभाळून होतं. आणि पाण्याला सरकारची वाट बघायची सवय नसते, ते पाणीपंच बघत होते. मग तो त्या पाणीपंचांबद्दल बोलायला लागला तसा त्याचा चेहराच बदलला. हे दिल्लीसारखं सरकार नव्हे, जिल्हा परिषद नव्हे, हे निराळंच. फक्त बांध, नाले आणि पाणी यांचं सरकार. त्याची निवडणूक वेगळी, पट्टी वेगळी, अध्यक्ष वेगळा. सातशे वर्षांपूर्वी राणी नव्हती, देशही नव्हता, तेव्हापासून हे आहे. कारण बांध एकट्याला राखता येत नाही आणि एकट्यानं आळस केला तर सगळे बुडतात, त्यामुळे भांडणाऱ्या लोकांनाही एकत्र बसावंच लागलं. त्यांची भांडणं ऐकायचीत तर एकदा या, तो म्हणाला. मला आवडला तो माणूस.

वर्गात मी मुलांना स्थानिक स्वराज्य संस्था शिकवत असे. व्याख्या, प्रकार, कार्ये. इतक्या वर्षांत त्यातली एकही संस्था पायाखाली चिखल असताना सुरू झाली असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी अगदी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो आणि धडाधड मराठीत सांगत होतो. माझ्या इंग्रजीवर मीच खूश झालो होतो.

दुधाची गोष्ट तर कोणाच्या गळी उतरेना. यूरोपातल्या देशांनी मिळून ठरवलंय की कोणी किती दूध काढायचं, यान म्हणाला. त्यापेक्षा जास्त झालं तर दंड. दूध जास्त झालं म्हणून दंड, हे मी तीन वेळा सांगितलं तेव्हा लोकांना वाटलं मास्तरचं इंग्रजी इथे कमी पडतंय. मोरूकाकानं शेवटी विचारलं की हे गाईला कसं समजावतात. यान इतका हसला की शहाळं त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

हे चालू असताना पाड्यावरची माणसंही येऊन मागे उभी राहिली होती. त्यांत पुतळी होती. पुतळी आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पाढे तिला माझ्यापेक्षा चांगले यायचे. चौथीनंतर ती मिठागरावर गेली, मी पेणला गेलो. पुढे तिचा नवरा वारला, दोन मुलं तिनं वाढवली, आणि पाड्यात काही अडलं की बोलायला तीच पुढे असायची. मी मास्तर झाल्यापासून ती मला तुमी म्हणायची.

ती माणसांतून वाट काढत पुढे आली आणि मला म्हणाली, “मास्तर, त्याला इचारा. ज्याच्याकडं जमीन नाय, त्याला तिकडं पान्याच्या पंचात मत हाय का?”

सगळ्यांना प्रश्न कळला होता. हैबतराव माझ्याकडे बघत होता. मी यानला प्रश्न सांगितला.

यान बराच वेळ बोलला. तो म्हणाला, फार चांगला प्रश्न आहे, आमच्याकडे तो विचारायला लोकांना सातशे वर्षं लागली. सातशे वर्षं असंच होतं की ज्याची जमीन त्याचं मत. जितकी जमीन जास्त तितका शब्द मोठा. मग त्रेपन्न साली समुद्र बांध फोडून आत आला. मी सतरा वर्षांचा होतो. आमच्या गावातली एकोणीस माणसं गेली. जमीनवाल्यांची घरं उंचावर होती, आमचंही. त्या एकोणीसमधले सोळा जण मजुरांच्या घरांतले, कारण ती घरं सगळ्यांत खाली होती. बांध किती उंच हवा हे ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यातल्या एका घरातला मुलगा माझा मित्र होता. नंतर बांध उंच झाले, यंत्रं आली, सगळं झालं, पण मताचा कायदा बदलायला आणखी चाळीस वर्षं गेली. आता चार-पाच वर्षांपूर्वी तो बदलला. बांधाच्या आत जो राहतो, त्याची जमीन असो नसो, त्याची माणसं पाणीपंचांत बसतात. काही जमीनवाल्यांना ते आवडलं नाही. मला आधीच व्हायला हवं होतं असं वाटलं. या बाईंना सांगा.

मी त्याचं सगळं ऐकलं. सगळं समजलं. मग मी पुतळीकडे वळून मराठीत सांगितलं, “तो म्हणतो, त्यांच्याकडे सातशे वर्षं ज्याची जमीन त्याचं मत.”

आणि थांबलो.

मी खोटं बोललो नव्हतो. शब्दन्‌शब्द त्यानं म्हटलेलाच होता. असं मी पुढे आठवडाभर स्वतःला समजावत होतो. खरं कारण एवढंच की हैबतराव समोर होता, माझे दोन एकर त्या उंचवट्याच्या आत होते, आणि आतापर्यंत इतकी मजा आली होती की त्या दुपारी वाद नको वाटला.

हैबतरावाच्या तोंडावर समाधान पसरलं. “बघ गो पुतळे,” तो म्हणाला, “हॉलंडात पन तसाच हाय.”

पुतळीनं बोट वर केलं. नखावर मतदानाची शाई होती, दोन आठवड्यांत अजून गेली नव्हती. दिल्लीत कोण बसायचं ते मला विचारतात, ती म्हणाली, आणि माझ्या चुलीत पाणी यावं का नाही ते मला विचारायची रीत नाही, हे बरंय. हे ती रागानं म्हणाली नाही. वजन करून बघावं तसं म्हणाली आणि मागे जाऊन उभी राहिली.

यान माझ्याकडे बघत होता. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, “मी एवढा वेळ बोललो आणि तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. मराठी इतकी थोडक्यात बोलता येते?” मी म्हटलं, हो, मराठी तशी आटोपशीर आहे. त्यानं आणखी काही विचारलं नाही. जाताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवले, पुतळीपाशी जाऊन तिच्याशीही मिळवला, आणि सायकलवर बसून पेणच्या रस्त्याला लागला. चार दिवसांनी तो परत आपल्या देशी जाणार होता.

तो आठवडा मला वाईट गेला. शाळेला सुटी, हाताला काम नाही, आणि डोक्यात तीच ती सोळा माणसं. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, त्यांची नावं मला माहीत नव्हती. तरी मी वाक्य अर्ध्यावर सोडलं तेव्हा त्यांनाही मी बाहेर ठेवलं, असं वाटत राहायचं. एकदा वाटलं, हैबतरावाला जाऊन सांगावं. मग वाटलं, त्यानं काय होणार आहे. या दोन वाटण्यांच्या मध्ये शनिवार उजाडला.

रविवारी बांधाचा निर्णय होता. आमच्याकडे निर्णयाची रीत जुनी आहे. बंदिस्तीत ज्याची जमीन तो वाटेकरी, असे सत्तावीस वाटेकरी. प्रत्येकानं आपलं घमेलं देवळापुढे आणून ठेवायचं. ठरावाला कबूल असेल तर सरळ, नसेल तर पालथं. पंच मोजतो. हात वर करून भागत नाही, घमेलंच लागतं, कारण जो हो म्हणेल त्यानं त्याच घमेल्यात माती भरून वाहायची, असा त्यातला अर्थ होता. आमच्या बापजाद्यांनी हे चांगलं काढलं होतं. मी मात्र ते कधी वर्गात सांगितलं नाही, कारण पुस्तकात नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा घमेली मांडून झाली होती. माझंही मांडलेलं होतं. मी पेणला राहत असल्यानं दर वर्षी हैबतरावच माझ्या नावानं घमेलं ठेवायचा आणि मला त्यात काही वावगं वाटत नसे. बावीस सरळ, पाच पालथी. पालथ्यांतलं एक मोरूकाकाचं होतं. पाड्यावरची माणसं देवळाच्या भिंतीपलीकडे चिंचेखाली उभी होती, नेहमीसारखी, कारण निर्णय झाला की कामाला त्यांनाच बोलावलं जायचं.

हैबतरावानं मला माझं घमेलं दाखवलं. सरळ ठेवलेलं, गंजकं, आणि काठावर पिवळ्या रंगाचे दोन ठिपके. मिठागरावर शेकडो घमेली एकमेकांत मिसळतात, म्हणून मिठागरवाले काठावर आपापली खूण करतात. मी इतर घमेल्यांकडे बघितलं. हिरवी रेघ, लाल फुली, तीन निळे ठिपके. सत्तावीसांतली तेवीस अशी खुणांची होती. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या वाटेकऱ्यांतला कोणी डोलवीच्या कंपनीत शिफ्टला, कोणी नागोठण्याला, कोणी पेणच्या बँकेत, कोणी माझ्यासारखा मास्तर. घमेलं कोणाच्या घरात उरलंच नव्हतं. चार-पाच वर्षं आदल्या संध्याकाळी पाड्यावरून मागून आणायची आणि निर्णय झाला की परत पाठवायची, असं चाललं होतं. पाडा बाहेर टाकायचा की नाही यावर पाड्याचीच घमेली हो म्हणत होती.

मी हैबतरावाला विचारलं, हे कुणाकडचं? तो म्हणाला, पुतळीकडचं, का? आणि तो मोजायला वाकला.

तेव्हा मी बोललो. धाडसानं बोललो असं म्हणणार नाही, माझा आवाज चौथीतल्या पोरासारखा निघाला. मी म्हटलं, त्या दिवशी मी त्या हॉलंडवाल्याचं अर्धंच सांगितलं. आणि मग भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं उरलेलं अर्धं सांगितलं. त्रेपन्न सालचा समुद्र, एकोणीस माणसं, त्यांतले सोळा मजूर, चाळीस वर्षं, बदललेला कायदा. काही गाळलं नाही. तो मित्रसुद्धा सांगितला.

हैबतरावानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही, हे मी भाऊ म्हणून बोलत नाही. त्याच्याही डोक्यावर दोनशे एकराचा घोर होता आणि पाऊस दोन आठवड्यांवर होता. तो म्हणाला, असेल, हॉलंडात तसं असेल. तिथे दूध जास्त झालं तर दंडही आहे, तोही आपण लावायचा का? इथली रीत घमेल्याची आहे आणि घमेली समोर आहेत. लोक हसले, आणि मला कळलं की माझं बोलणं वाया गेलं.

पुतळी चिंचेखालून निघाली. भिंतीला वळसा घालून आत आली, सरळ माझ्या घमेल्यापाशी आली. मला वाटलं ती ते पालथं घालणार. तिनं ते उचललं, कमरेवर घेतलं आणि हैबतरावाला म्हणाली, “दादा, रीत घमेल्याची हाय ना? मंग हे माजा हाय. मी घेऊन जाते.”

ती गेली. तिच्यामागून हिरव्या रेघेचा धनी आला, त्यानं आपलं उचललं. मग लाल फुलीची बाई. कोणी आमच्याकडे बघितलं नाही, एकेक जण यायचा, काठावरची खूण बघायचा, आपलं घमेलं ओळखून घ्यायचा आणि जायचा. आमच्यातल्या कोणाला त्यांना अडवता आलं असतं? ते घमेलं माझं आहे, असं म्हणायला तोंड कोणाला होतं? थोड्या वेळानं देवळापुढे चार घमेली उरली. तीन पालथी, एक सरळ. सरळ होतं ते हैबतरावाचं.

तो त्या चार घमेल्यांकडे बघत राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि एकटाच पाड्याकडे चालत गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी जायला हवं होतं, पण त्यानं मला बोलावलं नाही. दिवेलागणीला तो आला तेव्हा एवढंच म्हणाला की खांड आहे तिथेच बुजवायची, पाड्याची अकरा घरं आजपासून वाटेकरी, आणि उद्या सकाळी ओहोटीला ज्याला घमेलं नसेल त्यानं पेणच्या बाजारातून विकत आणावं.

सोमवारी पेणच्या भांडीवाल्याकडची घमेली संपली. मला एक मिळालं, जरा पोचा पडलेलं. कंपनीवाल्यांनी शिफ्टा बदलून घेतल्या, बँकेतला रजा टाकून आला. काम खोल पाण्यातलं होतं, दोनदा घातलेली माती वाहून गेली, आणि शेवटपर्यंत पुरं होईल की नाही याची खात्री कोणालाच नव्हती. पाड्यावरच्यांना चिखल कुठला चिकट, कुठला फुसका हे बोटानं कळायचं. ते भरायचे, आम्ही वाहायचो. हैबतराव खांडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून माती थापत होता. दिल्लीत त्याच दिवसांत एक सरकार बसलं आणि तेरा दिवसांत गेलं. मोरूकाकाच्या रेडिओवर ते कळलं तेव्हा बांधावर कोणी मान वर केली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी रांगेत पुढे सरकलो तर घमेली भरायला पुतळी होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हटलं, पुतळी, मी त्या दिवशी चुकलो. आता बोलायला उशीर झाला, पण चुकलो.

तिनं फावड्यानं चिखल ओढला, माझ्या नव्या घमेल्यात टाकला, हातानं दाबला. मग मी मास्तर झाल्यापासून पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत म्हणाली, “तू तवाच सगला सांगितला असतास तरी हैबतदादानं ऐकला नसता. ते मना ठावं व्हता.” आणखी एक फावडं टाकलं. “पन मी इचारला व्हता तुला. दादाला नाय.”

मागून रांग पुढे सरकत होती. तिनं घमेलं उचलून माझ्या डोक्यावर दिलं आणि मी खांडीकडे चालू लागलो.